मतपेटी आणि माझा बाप

आमच्या ओहायोत मतदान संपलं, की मतपेटी दोन्ही पक्षांच्या माणसांनी एकाच गाडीतून न्यायची असते. म्हणून मी डेमोक्रॅट आणि माझ्या बोकांडी हा रिपब्लिकन हार्लन.

"बँकांवरची बंधनं काढा, सगळ्यांना कर्ज मिळेल," तो म्हणाला.

"माझ्या बापाला काळी कातडी बघून हाकललं बँकेनं!"

"झालं हिचं सुरू!"

मतदान झालं त्या चर्चपासून निवडणूक कचेरीपर्यंत असेच भांडत गेलो. तिथं डिकी उघडली, तर रिकामी!

तसेच मागे फिरलो. पेटी चर्चच्या पायरीवरच राहिली होती, सील शाबूत. हार्लन मटकन खाली बसला आणि हसत सुटला. मीही.

परतताना पेटी माझ्या मांडीवर होती.

"ओडेसा," तो हळूच म्हणाला, "तुझ्या वडिलांचं काय झालं होतं?"