न बोललेला शह

"तोंडानं काय बोललास? घोड्याचा शह. बोललास का न्हाय?"

"बोललो की, अण्णाराव. पण..."

"पण बिण न्हाय. घोड्याचा शह बोललास, घोडा मारला मी. उंटाचं नाव काढलंस का? न्हाय. मग उंटाचा शह न्हाय. सगळ्यांनी ऐकलंय."

ज्याचं नाव काढलं न्हाय तो उंट म्हंजे मी. बुद्धिबळातला. लाकडाचा, जुना, एका कानानं तुटका. हसू नका मित्रांनो. तुमचे दोन्ही कान शाबूत हायत, तर नीट ऐका. भांडण मधनंच सांगितलं, कारण राग आला की मला पयलं तेच आठवतं. आता सुरुवातीपासनं सांगतो.

मी जन्माचा उंट न्हाय. मी धोटा होतो. धुळाप्पा विणकराच्या मागावर पोटात सुताची कांडी घेऊन दिवसभर डावीकडनं उजवीकडं, उजवीकडनं डावीकडं पळायचो. किती लुगडी माझ्या पळण्यातनं निघाली, काय सांगू! एक दिवस टोकाला चिरलो. चिरलेला धोटा सूत तोडतो, म्हणून मला मागावरनं काढलं. चुलीतच जायचो, पण धुळाप्पाच्या बुद्धिबळातला एक उंट विहिरीत पडलेला. त्याच्या जागी ते सुपारी ठेवून खेळायचे. एकदा डाव चालू असतानाच कुणीतरी ती सुपारी खाल्ली. तवा कुटं धुळाप्पानं मला तासून मान काढली, कुबड काढलं, आन पटावर उभा केला.

बाकीचे मोहरे त्याच्या बापाच्या वेळचे. घोडा तर माझ्याकडं पाठ करूनच उभा राहायचा.

अमावस्येला माग बंद. त्या दिवशी दुपारी धुळाप्पा आमाला फडक्यात बांधून नवी पेठेत न्यायचा, अण्णारावच्या कापडदुकानात. अण्णाराव गादीवर, लोडाला टेकून. धुळाप्पा खाली पायरीवर, मान वर करून. बारा वर्सं असाच खेळला. खेळता खेळता अण्णारावचा एक डोळा गिऱ्हाइकावर. म्हणून त्यानंच कायदा केला होता, की शह दिला तर मोहऱ्याचं नाव घेऊन मोठ्यानं बोलायचं. न बोललेला शह, शह न्हाय.

बारा वर्सांत धुळाप्पा एकदा पण जिंकला न्हाय. अण्णाराव म्हणायचा, "विणकराचं डोकं. सरळ आडवं चालतं, तिरकं चालत न्हाय." लोक हसायचे. धुळाप्पा पण हसायचा. मला त्याचा लई राग यायचा. हसायचं कशाला त्यात?

दुकानाच्या माडीवर कमलाकर नावाचा कारकून भाड्यानं राहायचा. तो छापील पुस्तकातनं खेळ शिकला होता. अण्णारावला हरवावं असं त्याला लई वाटायचं, पण राहायची जागा अण्णारावचीच. मग काय, तो धुळाप्पाच्या घरी येऊन बसाय लागला.

"धुळाप्पा, तुला एक डाव शिकवतो. दुहेरी शह."

आमचा पट साध्या कापडाचा. त्यावर काळी-पांढरी घरं न्हाईत, नुसत्या रेघा. त्यामुळं माझी तिरकी वाट धुळाप्पाला पटकन दिसायची न्हाय. मग धुळाप्पानंच मागावरचा दोरा तोडला, एक टोक माझ्या पायाशी धरलं आन दुसरं समोरच्या राजापर्यंत ताणलं. दोऱ्याच्या मधोमध आमचाच घोडा.

"आता घोडा उचल," कमलाकर म्हणाला. "अशा घरात ठेव, की तिथनं तो पण राजाला लागेल."

धुळाप्पानं ठेवला. जरा वेळ बघत राहिला.

"अरे! घोडा पण लागतोय, आन घोडा हलला म्हणून मागचा उंट पण लागतोय की!"

"आता तू राजाच्या बाजूनं बघ. वाचव त्याला."

"घोडा मारतो."

"मार. उंट आहेच."

"मधी प्यादं घालतो."

"घाल. घोडा आहेच. तो उडी मारून बसलाय, त्याला कोण अडवणार?"

"म्हंजे राजाला पळायलाच पायजे." धुळाप्पाचा आवाज बारीक झाला. "आन पळायला जागाच न्हाय ठेवली तर?"

"तर मात!"

आतनं त्याची बायको गुरम्मा ओरडली, "अय्यो, मागावरचा धोटा थांबलाय कधीचा! धोटा थांबला की मला कळतंय, डोक्यात घोडा पळाय लागला."

तीन म्हैने तो दोरा ताणून शिकला. कुठल्या घरातनं घोडा लागतो, माझी वाट मोकळी हाय का, राजाला पळवाट किती. त्या तीन म्हैन्यांइतकं मला कुणी कधी न्याहाळलं न्हाय. पण एक गोष्ट वाईट झाली. खेळताना धुळाप्पा सवयीनं "शह!" म्हणायचा, तर कमलाकर हसायचा. "बोलायचं कशाला? पुस्तकातले लोक मुकाट खेळतात. पटावर दिसतंय की." मग धुळाप्पा पण मुकाट खेळाय लागला.

श्रावणातल्या अमावस्येला त्यानं अण्णारावला सांगितलं, "आज मी जिंकणार."

अण्णाराव खुशीत आला. "असं? जिंकलास तर गादीवर बस, माझ्या शेजारी, कायमचा. हरलास तर परत पटाला हात लावायचा न्हाय. कबूल?"

"कबूल."

मला ओरडावंसं वाटलं, नको म्हण! पण लाकडाला तोंड असून काय उपयोग?

डाव रंगला. आजूबाजूचे दुकानदार येऊन उभे राहिले. मी कोपऱ्यात दबा धरून. मधी घोडा, पुढं अण्णारावचा राजा, आपल्याच प्याद्यांत कोंडलेला. दोरा नव्हता, पण धुळाप्पाची नजर माझ्यापासनं राजापर्यंत गेली, ती मला कळली. त्यानं घोडा उचलला. घोडा ठेवला. दुहेरी शह आन मात, एकाच खेळीत!

पण बोलायचं होतं. तीन म्हैने न बोललेला माणूस तो. बारा वर्सांची सवय तोंडात आली, जो मोहरा हलवला त्याचं नाव घ्यायचं.

"घोड्याचा शह!"

अण्णारावनं वजिरानं घोडा मारला. पुढचं भांडण तुमी ऐकलंय.

धुळाप्पानं गर्दीत कमलाकरकडं बघितलं. "कमलाकरराव, तुमी सांगा. पुस्तकात काय लिवलंय? दोन शह असले तर घोडा मारून राजा वाचतो का?"

कमलाकरनं चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, डोळ्याला लावला, परत काढला.

"ज्या ओट्यावर खेळायचं, त्या ओट्याचा कायदा," तो म्हणाला.

मित्रांनो, माझं कुबड त्या वेळी धोट्याच्या टोकासारखं अणकुचीदार असतं, तर बरं झालं असतं. जाऊ द्या.

धुळाप्पा पुढच्या खेळीला उंटाचा शह बोलला. मोठ्यानं बोलला, पार रस्त्यापर्यंत. पण घोडा खायला वजीर ज्या घरातनं उठला, तिथनं राजाला पळवाट झाली होती. अण्णारावनं राजा निवांत सरकवला. घोडा गेल्यावर डाव किती टिकणार? धुळाप्पा हरला. त्यानं आमाला फडक्यात बांधलं न्हाय. तसंच सोडून पायरी उतरला.

तवापासनं मी अण्णारावच्या दुकानात हाय. गिऱ्हाइकाच्या पोरानं माझा कान चावून तोडला. दोन प्यादी हरवली, त्यांच्या जागी बटणं. आता धुळाप्पाच्या जागी कमलाकर बसतो, आन घोडा उडवून दुहेरी शह दिला की नीट बोलतो, "घोड्याचा, उंटाचा!" लोक म्हणतात, वा रे घोडा! जो हलला तोच दिसतो. मागं गप उभा राहून वाट धरणारा कुणाला दिसतो? तुमी तरी तसं करू नका, मित्रांनो. मोहरे खेळून झाल्यावर मोजून ठेवा, पोरांना चावाय देऊ नका, आन दोघांनी मिळून काम केलं तर दोघांची नावं घ्या. आन तिसऱ्यानं शिकवलं असलं तर त्याचं पण.

आज अमावस्या न्हाय, तरी डाव चाललाय. कमलाकरची खेळी हाय. मी कोपऱ्यात, मधी घोडा, पुढं अण्णारावचा राजा कोंडलेला. दुहेरी शह आन मात समोर मांडून ठेवलीय, आन ह्या शहाण्याला दिसेना!

पायरीवर धुळाप्पा उभा हाय. विकायची लुगडी काखेत. त्याला दिसलंय. त्याची नजर माझ्या पायापासनं निघाली, घोड्यावरनं राजापर्यंत गेली. ओठ हलले. पण पटाला हात लावायचा न्हाय असं कबूल केलंय, आन बोलणं म्हंजे पण हात लावणंच, असं त्याचं त्यानं ठरवलंय. बोल की रे! एकदा तरी...

कमलाकरचा हात आला. घोड्यावरनं पुढं गेला. बोटं माझ्या मानेला लागली. घोडा सोडून मला उचलतोय येडा, हातची मात गेली. मला आता जायला पायजे.