बाळंतिणीची मरळ

चाकणजवळच्या त्या गावात उद्धवरावांच्या घरची लेक बाळंत झाली की पाचव्या दिवशी छबूबाई भोईने डोहातली मरळ पोचवायची, अशी रीत होती. दूध उतरावे म्हणून कालवण तिचेच व्हायचे. छबूबाईच्या सासूनेही ही रीत पाळली होती.

उद्धवरावांच्या लेकीला, विजयश्रीला, मुलगी झाली. पाचव्या सकाळी नवऱ्याने, कोंडाजीने, आणलेली मरळ छबूबाईने अंगणात चिरली. कल्ले पांढुरके, काळीज पिवळट आणि चिकट. आतड्यात निळ्या प्लॅस्टिकचा चुरा. तिला हे नवीन नव्हते. ओढ्यावरच्या उद्धवरावांच्या शेडमध्ये फवारणीच्या औषधांचे रिकामे निळे प्लॅस्टिकचे कॅन दळून धुतले जात आणि ते पाणी डोहात उतरे. कॉलेजात शिकणाऱ्या नातीने, दिव्याने, तिला समजावले होते, की नुसता चुरा मासा थोडाफार बाहेर तरी टाकतो. पण चुऱ्याला चिकटून औषध पोटात गेले की तिथेच सुटत राहते, आणि दोन्ही मिळून माशाला आतून पोखरतात. छबूबाईने ऐकून घेतले होते, आणि आतडी काढून मासे निगडीच्या बाजारात विकत राहिली होती. पोट धुतले की मासा चांगला दिसे.

आज मात्र तिचा हात थांबला. चुरा पानात बांधून ती उद्धवरावांच्या बंगल्यावर गेली.

"मरळ कुठाय गं?" उद्धवरावांच्या बायकोने, सुमनताईंनी, विचारले.

"न्हाई आणली, ताई. बाळंतिणीला घालायजोगी न्हाई ती."

"आता मासा बी गावंना व्हय तुला?" उद्धवराव हसले.

छबूबाईने पुडी त्यांच्यापुढे उघडली. "तुमच्याच शेडचं हाय, मालक. पोटात निघालं."

ओढ्यावर अशा चार शेड आहेत, एकट्याने बंद करून काय होणार, असे काहीसे ते पुटपुटले. सुमनताई निळ्या चुऱ्याकडे पाहतच राहिल्या.

आतून, मुलीला पाजता पाजता, विजयश्रीने शांतपणे विचारले, "छबूमावशी, मग निगडीला कुणाला विकतेस गं? तिकडे बाळंतिणी नाहीत का?"

छबूबाई तशीच माघारी फिरली.

घरी माशांनी भरलेली टोपली घेऊन कोंडाजी निगडीच्या टेम्पोची वाट पाहत होता. तिने टोपली ओढून घेतली आणि परसात खड्डा खणू लागली.

"येडी झालीस का? खायचं काय?"

"ठाव न्हाई. पर ह्ये आता कुणालाच न्हाई द्यायचं."

तिने माती लोटली तेव्हा शेडमधले यंत्र सुरू झाले होते. त्या दिवशी निगडीत दुसऱ्या तिघीजणी त्याच डोहाचे मासे, पोट धुऊन, मांडून बसल्या होत्या. दुपारपर्यंत सगळे खपले. मासे कुठले, हे एकाही गिऱ्हाइकाने विचारले नाही.