बॅटरीवरचं हळदकुंकू

शिवदास नाखव्याची पांढरी गाडी सकाळी सुरू झाली की नाही, हे आगरदांड्यात कुणाला विचारावं लागत नसे. सुरू झाली तर घरघर ऐकू यायची. नाही झाली तर पाल चुकचुकावी तसं बोनेटखालून टक् टक् व्हायचं, मग शिवदासचा आवाज चढायचा, आणि जेट्टीकडे निघालेली माणसं टोपल्या खाली ठेवून गाडीला धक्का मारायला लागायची. धक्का मारणाऱ्याला सल्ला देण्याचा हक्क असतो. त्यामुळे गाडीला काय झालंय हे शिवदास सोडून साऱ्या गावाला माहीत होतं.

त्याच्या बायकोला, केसरला, या धक्क्यांची लाज वाटत नव्हती, भीती वाटायची. त्यांचा मुलगा हितेश खाडीपलीकडे दिघीच्या बाजूला नोकरीला. सुट्टीला फेरीबोटीने घरी यायचा. गेल्या खेपेला त्याने स्वच्छ सांगून टाकलं होतं की आता ही आणखी एकदा जरी बंद पडली तरी भंगारात जाईल. माणूस त्याने बघून ठेवला होता. आईने मुरुडच्या बाजारात रिक्षाने जावं.

रिक्षाने जावं म्हणायला काय जातं. केसरने म्हावऱ्याची पाटी घेऊन एसटीचे दिवस काढले होते. कंडक्टर पाटीकडे बघून आधी तोंड वाकडं करायचा, मग तिकीट द्यायचा. पाटी टपावर, केसर शेवटच्या सीटवर, आणि शेजारची बाई पदर नाकाला लावून खिडकीबाहेर. वरून एखादा थेंब ठिबकला तर साऱ्या गाडीची बोलणी केसरने खायची. मग एका वर्षी पापलेटाने हात दिला आणि शिवदासने अलिबागच्या एका डॉक्टरांची वापरलेली गाडी घेतली. मागची सीट काढून तिथे बर्फाचे खोके बसवले. पुढच्या सीटवर केसर, काच खाली करून. पहिल्याच दिवशी वाटेत तीच एसटी पुढे दिसली तेव्हा तिने नवऱ्याला एवढंच सांगितलं, "हिच्या पुढं घाला." शिवदासने घातली. त्या सुखाला आता वीस-बावीस वर्षं होऊन गेली होती, पण ते शिळं झालं नव्हतं.

गाडीचं दुखणं मात्र कुणाच्या हाती लागत नव्हतं. मुरुडच्या नाक्यावर चांगदेव गाड्यांच्या वायरिंगचं काम करायचा. त्याने आधी बॅटरीवर बोट ठेवलं. बॅटरी नवी घातली. ती थोड्याच दिवसांत बसली, तेव्हा दुसरी घातली. तीही सुकलेल्या बोंबलासारखी होऊ लागली. मग त्याने इंजीन चालू ठेवून मीटर लावला. आकडा चौदा व्होल्टच्या आसपास आला, म्हणजे बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर आपलं काम करत होता. त्याचा पट्टा दाबून पाहिला, ताठ होता. मग त्याचं मत पडलं की गाडी उभी असताना काहीतरी गुपचूप करंट पितंय. त्याने डिकीतला दिवा काढला, रेडिओची वायर काढली, हॉर्नही सोडवून पाहिला. गाडी आंधळी, बहिरी, मुकी झाली, पण सकाळची टक् टक् काही थांबली नाही.

एक गोष्ट तेवढी दर वेळी दिसायची. बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलांवर, म्हणजे वायरी जोडायच्या खुंट्यांवर, पांढरी-हिरवी बुरशी चढलेली असायची. चांगदेव गरम पाणी ओतून ती धुवायचा, पॉलिशपेपरने घासायचा, नट आवळायचा. गाडी चार दिवस शहाण्यासारखी वागायची आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शेवटी त्याने शिवदासला विचारलं, काका, बोनेटमधून पाणीबिणी गळतं काय? शिवदासने देवाची शपथ घेऊन सांगितलं, थेंबसुद्धा नाही. शिवदास खोटं बोलणारा माणूस नव्हता. चांगदेवने पाण्याचं विचारलं होतं, तीर्थाचं विचारलं नव्हतं.

त्याचं असं झालं होतं. गाडी पहिल्यांदा बंद पडली तेव्हा शेजारची गोदूबाई केसरला म्हणाली होती की माणसाचा जीव काळजात आणि गाडीचा बॅटरीत. तू हळदकुंकू लावतेस स्टेअरिंगला, मग ते जिवाला पोचावं कसं? केसरला ते पटलं. शिवदास जुन्या सवयीने रोज सकाळी बोनेट उघडून बघायचाच. तेवढ्यात ती घरातली पूजा आटपून ताम्हण घेऊन यायची. बॅटरीवर पळीभर तीर्थ, दोन्ही टर्मिनलांना हळदकुंकू, वर जास्वंदीचं फूल. अमावास्येला नारळ फोडून त्याचं पाणी. कुणाची नजर लागल्यासारखं वाटलं तर मीठ-मिरची उतरवून त्यातलं चिमूटभर मीठ तिथेच. गाडी जितकी अडे तितकी पूजा वाढे, आणि पूजा जितकी वाढे तितकी गाडी अडे. चांगदेवला हे सगळं दर खेपेला समोर दिसत होतं. तो आधी नमस्कार करायचा, फूल अलगद बाजूला ठेवायचा, कुंकू पुसलं जाणार नाही अशा बेताने मीटरची टोकं लावायचा आणि मग म्हणायचा, कळत नाही ब्वा. त्याच्या स्वतःच्या चार्जरलाही कुंकू होतंच.

दिवाळी झाली आणि राजपुरीला शिवदासचे चुलते वारले. घरात सुतक आलं. देवाला हात लावायचा नाही, दिवा नाही, फूल नाही. ताम्हण पालथं घालून ठेवलं. चांगदेवने आदल्याच दिवशी टर्मिनलं घासून दिली होती. सुरुवातीचे दिवस जाण्या-येण्यात गेले, मग केसर पुन्हा बाजाराला निघाली, कारण सुतक माणसांना असतं, म्हावऱ्याला नसतं. गाडी एका चावीत सुरू झाली. दुसऱ्या दिवशीही झाली. आठवडा उलटला तरी होतच राहिली. धक्का मारणारे लोक जेट्टीवर उगाच रेंगाळून निघून जायला लागले. शिवदासला भरून आलं. काका जाता जाता गाडीच्या डोक्यावरून हात फिरवून गेले, असं तो समाचाराला येणाऱ्या प्रत्येकाला सांगू लागला.

एका सकाळी केसरने स्वतःच बोनेट वर केलं. टर्मिनलं चकचकीत होती, बुरशीचा कणसुद्धा नव्हता. बघता बघता तिला माहेरची होडी आठवली. तिच्या बापाच्या होडीला तांब्याचे खिळे होते. नारळी पुनवेला होडीची पूजा झाली की बाप सगळ्यांचं पाया पडून होईपर्यंत थांबायचा आणि मग गोड्या पाण्याची घागर घेऊन होडीवरचं कुंकू, गूळ, नारळाचं पाणी धुवून काढायचा, खिळ्यांना तेल चोळायचा. आजी ओरडायची. तो म्हणायचा, देवाला बोलवावं तसं पाठवावंही, बसवून ठेवला तर खिळे हिरवे पडतात. केसरने बोनेट हळूच खाली केलं. दोन बॅटऱ्या आपण आपल्या हाताने मारल्या, त्याही पळीपळीने, आणि वर नमस्कार करून, हे तिला त्या क्षणी लख्ख कळलं.

सुतक फिटलं त्या दिवशी नेमका रविवार होता. हितेश आलेला. त्याने बापाला सरळ पैज घातली. गाडी फेरीबोटीत घालायची, नियमाप्रमाणे इंजीन बंद करायचं, आणि दिघीला उतरताना ती आपली आपण सुरू झाली तर पुन्हा भंगाराचं नाव काढणार नाही. नाही झाली तर ती परत यायचीच नाही, भंगारवाला तिथेच आहे. शिवदासने पैज घेतली आणि लगोलग बोनेट उघडून नारळ हातात घेतला. इतक्या दिवसांची राहिलेली पूजा एकदमच भरून काढायची होती. गोदूबाई तांब्याभर पाणी घेऊन हजर होती.

"अवो, थांबा," केसर म्हणाली. "त्याच्यावर पानी नका घालू. पान्यानंच ती खराब व्हते. सुतकात पूजा न्हवती, म्हनून तर चालली."

शिवदास तिच्याकडे बघतच राहिला. "म्हंजे देवामुलं गाडी बंद पडत व्हती?"

"देवामुलं न्हाय, पान्यामुलं."

"ह्ये पानी न्हाय, तीर्थ हाय."

हितेशला हसू आवरेना. तो म्हणाला, "आये, बॅटरी सीलबंद असते. वरनं पाणी पडून काय होत नाय. अल्टरनेटर म्हातारा झालाय, बाबांसारखा." गोदूबाईने तर कानांवर हात ठेवले. सुतक फिटून घटका झाली नाही आणि घरच्या बाईच्या तोंडी हे असलं बोलणं.

केसरने तिघांकडे पाहिलं. एका नारळाने गाडी लगेच बंद पडली नसती, हे तिला माहीत होतं. पण आजचा नारळ म्हणजे उद्याचं तीर्थ आणि परवाचं मीठ. खरं ते सांगून झालं होतं, आणि ते कुणाला नको होतं. तिने पदर डोक्यावरून घेतला.

"पहाटे सपान पडलं व्हतं," ती म्हणाली. "सांगू का नको करत व्हते."

शिवदासचा हात वरच्या वर थांबला.

देवी लाल लुगडं नेसून बोनेटवर बसली होती, केसरने सांगितलं. कुडकुडत होती. म्हणाली, मला रोज सकाळी भिजवता, मी गारठले. मला कोरडं फूल द्या, तेही पुढच्या काचेपाशी. इथे पाणी नको, मीठ नको, कुंकू नको. टर्मिनल हा शब्द देवीच्या तोंडी घालणं केसरला बरं वाटेना, म्हणून देवी पुढे म्हणाली की ही दोन शिंगं पुसून त्यांना ग्रीस लावून ठेवा.

शिवदासने नारळ गोदूबाईच्या हातात दिला आणि बॅटरीला हात जोडले. हितेशही हसायचा थांबला. त्याच्या कंपनीतल्या मोठ्या मशीनलाही लिंबू-मिरची टांगलेली होती, आणि स्वप्नाशी वाद घालण्याएवढा तो शिकलेला नव्हता. ग्रीस आणायला तोच धावला. गोदूबाईने एवढंच विचारलं की लुगड्याला काठ कोणता होता.

फेरीबोटीवर गाडी सगळ्यात पुढे उभी राहिली. मागे मुंबईच्या पर्यटकांच्या गाड्या, बऱ्याचशा हरिहरेश्वरला निघालेल्या. खाडी ओलांडेपर्यंत शिवदास चावीला हात न लावता ताठ बसून होता. दिघीला फळी खाली पडली, मागून हॉर्न वाजू लागले. हितेश बाहेर उभा राहून बघत होता. शिवदासने चावी फिरवली आणि गाडी घरघरत फळीवरून खाली उतरली. हितेशने मोबाईल काढला आणि भंगारवाल्याला सांगितलं की येऊ नको.

स्वप्नाची गोष्ट मुरुडपर्यंत जायला उशीर लागला नाही. चांगदेव स्वतः येऊन केसरच्या पाया पडला. मग एक रिक्षावाला आला, त्याचा दिवा मिणमिणत होता. मग टेम्पोवाला. देवी आमच्या गाडीचं काही बोलली का, एवढंच त्यांना विचारायचं होतं. केसर प्रत्येकाला आधी बोनेट उघडायला लावायची, वाकून बघायची, आणि देवी जवळपास प्रत्येकाला तेच सांगायची.

पण खोट्याचं ओझं तिला सोसेना. एके दिवशी बाजारातून येताना तिने शिवदासला सगळं सांगून टाकलं. सपान पडलं नव्हतं. मीच बोनेट उघडून बघितलं. बाबाची होडी आठवली, तिचे खिळे आठवले, त्यावरून कळलं.

शिवदासने गाडी चालवता चालवता मान डोलावली. त्याच्या चेहऱ्यावर भक्ती दाटून आली.

"बघ केसर," तो म्हणाला, "दुसऱ्यांना सपनात यावं लागतं. तुला तर देवीनं जागेपनीच दाखवलं."