पडेलबुवांची अंगठी

मी एक डोन सोन्याची अंगठी बोलतेय. एक डोन म्हणजे पुरते चार ग्रॅमही नाही. आमच्या बुसानमध्ये बाळ वर्षाचं झालं की त्याच्या बोटात मला घालतात. पण मला विकत घेतलं ते बाळासाठी नव्हे, बाजार पडणार म्हणून.

घेणारे ओक चुनसिक. शेअरदलालाच्या कचेरीत रोज सकाळी म्हातारी मंडळी भावाच्या फळ्यापुढे बसत. भाव चढले की आकडे लाल, उतरले की निळे. निळं दिसलं की एकटे चुनसिक हसायचे. "पडेल, अजून पडेल!" म्हणून सगळे त्यांना पडेलबुवा म्हणत.

शेअर विकून त्यांनी आधी डॉलर घेतले. मग बाजार उतरला की चढणारा एक उलटा फंड घेतला. उरल्या पैशात सोनं घ्यायला सराफ्यात आले.

"सोन्याचे तुकडे संपले, काका," दुकानातली बाई म्हणाली. "बाळाची अंगठी आहे. सोनं तेच."

"दे. बाळ नसलं म्हणून काय झालं!"

त्यांच्या मुलीच्या, हेरिमच्या, लग्नाला नऊ वर्षं झाली होती. अजून मूल नव्हतं, पण घरात त्यावर कुणी बोलत नसे. एकदा मोजे ठेवताना खणात मी त्यांच्या बायकोच्या, बुनीबाईंच्या, हाती लागले. त्या कितीतरी वेळ मला तळहातावर घेऊन बसल्या.

"अहो, तुम्हीसुद्धा आस धरून आहात? मला वाटायचं, तुम्हाला नुसतं पडायचंच दिसतं."

चुनसिकांनी मला घेऊन परत मोज्यांखाली ठेवलं. "असू दे खणात," एवढंच म्हणाले.

पुढे बाजार चढतच राहिला. फळा रोज लाल. उलटा फंड झिजून गेला, डॉलरही मोडले.

"काय बुवा, आज काय पडलं? तोंड का?" मित्र विचारायचे.

शेवटी ते मला खिशात घालून त्याच दुकानात गेले. बाईनं मला तराजूत ठेवलं. काटा स्थिर होण्याआधीच त्यांनी मला उचललं.

"राहू दे. ही बाजारासाठी घेतलेली नाही."

खोटं होतं ते. पण बोलता बोलता त्यांनी मला मुठीत घट्ट धरलं, आणि तेव्हापासून ते खरं झालं.

दोन वर्षांनी हेरिमला मुलगी झाली, नारे. तिच्या पहिल्या वाढदिवसाला, तांदळाच्या वड्या मांडलेल्या चौरंगापाशी, मी तिच्या इवल्या बोटात होते. अचानक तिनं चौरंगाची कड सोडली.

"पडेल! पडेल!" हातातलं टाकून चुनसिक धावले.

सगळी मंडळी खो खो हसली. नारे चार पावलं चालली आणि थेट त्यांच्या गुडघ्याला बिलगली.

"बुवा, परत चुकलात!"

"चुकलो रे, चुकलो," म्हणत ते डोळे पुसत राहिले.

आता चुनसिक नाहीत. नारे शाळेत जाते. मी तिच्या करंगळीच्या टोकापलीकडे सरकत नाही, म्हणून डबीत असते. सोनं फार महाग झालंय, असं घरात बोलतात.

नारे, मोठी झाल्यावर गरज पडली तर मला खुशाल वीक. फक्त तराजूत ठेवण्याआधी एकदा करंगळीवर घे आणि "पडेल, पडेल" म्हण. मला ते पुन्हा एकदा ऐकायचंय.