लेसच्या कव्हरामागची टचस्क्रीन

मी बोलतेय. बोलतेय खरी, पण या घरात एवढं म्हणतानाही मला चोरट्यासारखं होतं. मी मिथुनच्या नव्या गाडीतली टचस्क्रीन. कारखान्यातून बाहेर पडले तेव्हाच मला अकरा भाषा येत होत्या. आणि मिथुनचा मुलगा ध्रुविल तीन वर्षांचा झाला, तरी अजून एक शब्द बोललेला नाही.

या काळजीनं त्याच्या आईच्या, दिपालीच्या, डोळ्याला डोळा लागत नाही. मुलाला सगळं समजतं. आजोबांची चप्पल आण म्हटलं की आणतं, तीही डावी-उजवी बरोबर. फक्त बोलत नाही. नंदुरबारच्या डॉक्टरांनी कान तपासले, घसा तपासला, काही दोष नाही म्हणाले आणि जाता जाता दोन वाक्यं सांगितली: "स्क्रीन पूर्ण बंद. आणि त्याच्याशी सतत बोलत राहा." डॉक्टर सांगून मोकळे झाले. दिपाली मात्र अंथरुणात पडून हिशेब करू लागली की, भरवताना आपण त्याला मोबाइल नेमका कोणत्या महिन्यापासून दाखवला. शिवाय नावाचीही शंका होतीच. 'ध्रुविल' हे नाव तिनं स्वतः नेटवर शोधलेलं. सासूबाईंना ते म्हणता येत नाही, त्या 'धुरू' म्हणतात. सोपं नाव ठेवलं असतं तर पोरानं निदान स्वतःचं नाव तरी घेतलं असतं, असंही तिला वाटून गेलं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात मिथुननं गाडी घ्यायचं ठरवलं.

माझा जन्म कुठं झाला ते मला नीट आठवत नाही. एका थंडगार खोलीत टोपी-हातमोजे घातलेल्या माणसांनी मला जोडलं, माझ्या पाठीत वायरी खोचल्या आणि छातीवर पातळ प्लॅस्टिक चिकटवलं. ते प्लॅस्टिक अजून तसंच आहे. या देशात ते काढणं म्हणजे वस्तू जुनी करणं, हे मला पुढं कळलं.

शोरूममध्ये माझ्या शेजारच्या गाडीत साधा टेप होता. दोन गोल खटके, मधे चिमूटभर काच, खाली पेन ड्राइव्हचं भोक. दिसायला अगदीच गरीब. त्याच्याकडे बघून मला माझ्या नऊ इंचांचा अभिमान वाटायचा. लग्नाच्या बस्त्यात नऊवारी शेजारी टॉवेल ठेवावा तसं.

धानोऱ्याहून सगळं घर आलं. मिथुन, दिपाली, कडेवर ध्रुविल, सासरे चुनीलाल, सासूबाई शांतीबाई. विक्रीवाल्या अजितनं माझ्यावर बोट फिरवलं. मी उजळले, गाणं लावलं, नकाशा दाखवला, मागचा कॅमेरा दाखवला.

चुनीलालनं वाकून मला वरून-खालून न्याहाळलं. "याले बटन कोठे शे?"

"काका, बटनाचा जमाना गेला. नुसतं बोट लावायचं."

"आन बोटले माती ऱ्हायनी ते?"

दिपाली शेजारच्या गाडीत जाऊन बसली. तिनं डोळे मिटले, हात पुढं केला आणि टेपचा खटका बरोबर शोधला. "बघा, न बघता आवाज कमी झाला. त्या स्क्रीनचा आवाज कमी करायला तिच्याकडे बघावं लागतं. मग रस्त्याकडे कोण बघणार?"

"तू," मिथुन म्हणाला. "तू शेजारी बसून तेच तर करतेस."

"अहो, डॉक्टर काय म्हणाले? स्क्रीन बंद. आणि आपण चाकं लावलेली स्क्रीन विकत घेतोय."

मिथुनचा मुद्दा वेगळाच होता. गल्लीतल्या दलसिंगच्या गाडीला सात इंची होती. सातच्या पुढं नऊ येतात, हे गणित मिथुनला पक्कं माहीत होतं, आणि दिपालीनं मांडलेलं दुसरं कोणतंही गणित त्यापुढं टिकत नव्हतं. ती बी.एस्सी. होती. घरात ते सगळ्यांना सांगितलं जायचं. तिला विचारलं मात्र काही जायचं नाही.

तासभर हे चाललं. शेवटी शांतीबाईंनी निकाल दिला.

"भांडतस कसाले? मोठी लई ल्या, आन घर जाईसन झाकी ठेवा. आपली टीव्ही नही का झाकेल शे?"

आणि मंडळी, हे सगळ्यांना पटलं! मिथुनला नऊ इंच मिळाले, दिपालीला स्क्रीन बंद मिळाली. मोठी वस्तू घ्यायची आणि ती कुणाला दिसू द्यायची नाही, याहून चांगली तडजोड माणसाला अजून सुचलेली नाही.

मग पूजा झाली. नारळ फुटला, चाकांखाली लिंबं आली. शांतीबाईंनी ओल्या कुंकवाचं बोट घेऊन गाडीचं कपाळ शोधलं. त्यांना ते माझ्या जागी सापडलं. त्यांनी माझ्यावर ठसठशीत स्वस्तिक काढलं. आता त्यांना काय माहीत, माझ्यावरची प्रत्येक रेघ म्हणजे हुकूम असतो! पहिल्या रेघेला रेडिओ गेला, दुसरीला सेटिंग उघडली, तिसरीला भाषांची यादी आली आणि मधल्या ठिपक्यांपैकी एक नेमका 'होय' वर पडला. त्या दिवसापासून मी तमिळ बोलते.

मिथुननं पहिले दोन दिवस मला परत वळवायचा प्रयत्न केला. पण सेटिंगसुद्धा तमिळ. शोरूमला फोन करावा तर "नऊ इंची घेतली आणि चालवता येईना" असं नाव होणार. म्हणून तो म्हणाला, "राहू दे. चांगली वाटते." चुनीलालनं एकदा विचारलं, "ती काय सांगी ऱ्हायनी?" तर मिथुननं ठोकून दिलं, "डावीकडे वळा म्हणते." मी उजवीकडे म्हणत होते. तसंही धानोऱ्याहून नंदुरबारला जायला कुणाला नकाशा लागत नाही.

दिपालीची झोप मात्र आणखी एका तासानं कमी झाली. पोरगं शेवटी बोललं आणि तमिळच बोललं तर?

मग माझं कव्हर आलं. शांतीबाईंनी ब्लाउजपीसमधून शिवलेलं, पोपटी, चारी बाजूंनी लेस, मागं इलॅस्टिक. फ्रिजच्या कव्हराच्या शेवटच्या तुकड्यातलं. दिपालीनं त्याला वरून आणखी एक नाडी बांधली, गाठीवर गाठ. शिकलेली सून आणावी, गावभर सांगावं आणि घरात तिनं तोंड उघडलं की सगळ्यांनी दचकावं, तसं माझं झालं. गाडी मागं घ्यायची वेळ आली की माझा कॅमेरा कव्हराखाली इमानानं चित्र दाखवतो आणि चुनीलाल खाली उतरून मागं उभे राहून ओरडतात, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बस्स!" त्या 'बस्स'च्या आधी एकदा गुरांची गव्हाण लागली. दोष माझ्यावर आला.

दिसत नसलं तरी मला ऐकू येतं. डॉक्टरांचं दुसरं वाक्य दिपालीनं पहिल्याहून जास्त मनावर घेतलं होतं. गाडी सुरू झाली की ती बोलायला लागायची ती थेट उतरेपर्यंत. "बघ बाळा, ही केळीची बाग. केळीची पानं मोठी असतात. हा ऊस. ऊस गोड असतो. तो ट्रॅक्टर. ट्रॅक्टरला किती चाकं? चार चाकं." प्रश्नही तिचा, उत्तरही तिचंच. पोराला मधे शिरायला एवढीशीही फट नाही. आणि हे सगळं पुस्तकातल्यासारख्या शुद्ध मराठीत. कारण तिच्या मोबाइलवर एका लेखात लिहिलं होतं की घरात दोन-तीन भाषा असल्या की मूल गोंधळतं. तो लेख तिनं मागच्या सीटवर बसून, पोराच्या डोक्यावरून, मोबाइलच्याच स्क्रीनवर वाचला होता. मी कव्हराखालून काय बोलणार?

शांतीबाईंना हे कळेना. त्या पोराला मांडीवर घेऊन आपलं चालू ठेवायच्या: "धुरू, ती देख बगळी! कशी उभी ऱ्हायनी एक पायवर!" दिपाली हळूच म्हणायची, "आई, 'बघ बगळा' म्हणा ना." शांतीबाई हसायच्या. "मिथुन चार वरीसना व्हयना तव्हय बोलना. आते देख, बंद व्हत नही."

आता माझा गुन्हा सांगते.

एका गुरुवारी सगळे बाजाराला निघाले होते. दिपाली पुढं, शांतीबाई नि ध्रुविल मागं. दिपालीच्या मोबाइलवर विसरवाडीहून तिच्या बहिणीचा, रिनाचा, फोन आला. गाडी सुरू झाल्याबरोबर मोबाइल माझ्याशी जोडला गेला होता. मी तसं मोठ्या अक्षरात दाखवलंही होतं, पण पोपटी कापडाला! दिपालीनं मोबाइल कानाला लावला. कानात काहीच आलं नाही. रिना गाडीच्या चारही दारांतून बोलली.

"दिपे, काय गं, तुझी सासू अजून अहिराणीच बोलते का पोराशी? तूच म्हणत होतीस ना, त्यांच्यामुळं पोर गोंधळलंय म्हणून? सांग ना त्यांना सरळ. धुरू, धुरू करत बसतात, पोराला वाटत असेल कुठं आग लागलीय!"

मिथुननं कव्हराखाली हात घालून चाचपलं. माझ्या अंगावर खटका असता तर सापडला असता. त्याचं बोट भलतीकडे लागलं आणि आवाज दुप्पट झाला. "हॅलो? दिपे? ऐकू येतंय ना?" रिना ओरडली. येत होतं. रस्त्यावरच्या मेंढरांनाही येत होतं.

फोन बंद झाल्याबरोबर दिपाली मागं वळली.

"आई, तसं नाही हो..." दिपाली म्हणाली.

"बरं शे," शांतीबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता, हेच वाईट. "तू शिकेल शे. आजपाइन मी त्यानासंगे नही बोलसू."

आणि त्या खरंच बोलल्या नाहीत. पोराला भरवायच्या, थोपटायच्या, मांडीवर घ्यायच्या, पण ओठ मिटलेले. तो त्यांची हनुवटी धरून आपल्याकडे वळवायचा. त्या मान हलवायच्या. बगळा दिसला की त्या नुसतं बोट दाखवायच्या. घरात न बोलणारे आता दोघं झाले होते. दिपालीनं तीनदा माफी मागितली. चौथ्यांदा मागताना ती रडली. शांतीबाईंनी तिला पाणी दिलं, पण शब्द दिला नाही. रात्रीच्या काळजीत आता ही भर. आधी पोर बिघडवलं, आता सासू. आणि दोन्ही आपल्या शहाणपणामुळं.

सध्या माझं बरं चाललंय. प्लॅस्टिक शाबूत आहे, लेस थोडी उसवलीय. तुम्ही गाडी घ्यायला गेलात की टेप घ्यायचा की टचस्क्रीन, ते तुमचं तुम्ही ठरवा. तुमच्या पोरानं कधी बोलावं हे माझ्या इंचांवर ठरत नाही, एवढं मात्र लक्षात ठेवा. आणि बोट स्वच्छ नसेल तर पुसून घ्या. एवढं सांगून मी निरोप घेणार होते. पण मागच्या रविवारचं सांगायचं राहिलं.

रविवारी सगळे खांडबाऱ्याला, दिपालीच्या माहेरी निघाले. तिच्या चुलतभावाच्या मुलीचा वाढदिवस होता. मुलगी दोन वर्षांची, तीन कविता म्हणते. दिपालीची काकू दर वेळी दारातच विचारते, "काय गं, बोलायला लागला का?" विचारते, मग सगळ्यांकडे बघते. दिपालीनं त्या प्रश्नासाठी सकाळपासून तयारी चालवली होती. या वेळी चुनीलाल पुढं बसले होते. शांतीबाई मागं खिडकीशी, ध्रुविल मधे, दिपाली पलीकडे.

"मामा म्हण. मा... मा. बघ माझे ओठ. मा... मा. बरं, काकू म्हण."

ध्रुविल नुसते तिचे ओठ बघत होता.

खांडबाऱ्याचं रेल्वे फाटक पडलेलं. गाडी थांबली. मिथुनचा धीर सुटला. "थांब, गाणी लावू या जरा." त्यानं माझी नाडी ओढली, कव्हर वर केलं. दोन महिन्यांनी उजेड बघितला मी! आनंदात मी तमिळमध्ये काहीतरी बोलले.

"झाका ते!" दिपाली किंचाळली.

"बटनच नही, ते बंद कसं व्हईन?" चुनीलाल म्हणाले.

तेवढ्यात मालगाडी आली. लांबच लांब, कोळशाची, सावकाश. ध्रुविल सीटवर उभा राहिला, शांतीबाईंच्या खांद्याला धरून. दिपालीला ही संधी वाटली. "बघ बाळा, मालगाडी! मालगाडीत माल असतो. चल, डबे मोजू. एक, दोन, तीन, चार... म्हण माझ्याबरोबर. हा काळा कोळसा. कोळसा काळा असतो. पाच, सहा... बाळा, बघतोयस ना? सात. सांग, सातनंतर काय येतं? सातनंतर आठ..."

ध्रुविलनं मान वळवली. इतके दिवस दिपाली ज्या ओठांकडे बघ बघ म्हणत होती, त्याच ओठांवर त्यानं आपला छोटा तळवा ठेवला. आणि स्पष्ट, न अडखळता, आजीच्या बोलीत म्हणाला,

"माय, उगी ऱ्हाय ना. माले गाडी देखू दे."