बारवीचं धरण आणि मी

"सुदाम, खुर्चीवर बसू नकोस. बसलास तर बारवीचं धरण फुटेल."

हा हुकूम फक्त सुदामला ऐकू यायचा. मित्रांनो, मी ती खुर्ची. मी एक जुनी, लोखंडी, घडीची खुर्ची आहे. सत्त्याण्णव साली उल्हासनगरच्या बाजारातून खरवईला सुदामच्या घरी आले. माझी ताकद फार तर लग्नाच्या पंगतीपुरती, असं मी समजत होते.

सुदाम उभ्यानं जेवायचा, उभ्यानं पेपर वाचायचा. अंबरनाथच्या एका कारखान्यात तो नकाशे काढायचा. बसायचं काम, ते सुटलं. साहेब भला होता. "आश्विन पौर्णिमेनंतर ये, जागा ठेवतो. पण बसावं लागेल," म्हणाला.

डॉक्टरांच्या गोळ्या चालू होत्याच. शिवाय दवाखान्यातल्या मालिनीताई दर गुरुवारी यायच्या. आवाज खोटा, असं त्या कधी म्हणाल्या नाहीत. "तो म्हणतो ते पडताळून पाहू," म्हणत. त्यांनी कागदावर दोन रकाने आखले. एकात धरण फुटेल याचा पुरावा, दुसऱ्यात फुटणार नाही याचा.

पहिल्या रकान्यात सुदामनं लिहिलं : आईसुद्धा बसत नाही.

त्याची आई भिमाबाई चटणी वाटता वाटता थांबल्या. बौद्धांच्या वर्षावासाचे, आश्विन पौर्णिमेपर्यंतचे तीन महिने त्या रोज अष्टशील, म्हणजे आठ नियम पाळत. उंच आसन वर्ज्य, म्हणून खाली चटईवर.

"अरे, मी धरणाच्या धाकानं बसत नाही होय? ते माझं शील आहे."

"तुला कोण सांगतं?"

"कोणी नाही. मीच घेतलं, पौर्णिमेला मीच सोडणार."

"म्हणजे ठरवणारी तू?"

"मग काय खुर्ची?"

मी अपमान गिळला. सुदामनं पहिल्या रकान्यातली ओळ खोडली. मग म्हणाला, "एक मिनिट बसून बघतो."

पण धरणाचं कळणार कसं? बारवीकडच्या पाड्यावरून नवसू रोज सकाळी भाजी घेऊन यायचा. त्याला विचारायचं ठरलं.

सुदाम बसला. मी कुरकुरले, तर तिघंही दचकली.

सकाळी नवसू म्हणाला, "धरान हाय तिथंच हाय. कालपन व्हतं."

दुसऱ्या दिवशी पाच मिनिटं, मग पंधरा. आठवड्यात नवसू न विचारताच लांबून ओरडू लागला, "हाय रं, हाय!"

आवाज काही गेला नाही. "तू बोल, मी बसतो," सुदाम त्याला हळूच सांगायचा.

मित्रांनो, कुणाला असा आवाज येत असेल तर हसू नका, भांडूही नका. त्याच्याजवळ बसा. एवढं या खुर्चीचं ऐका.

पौर्णिमेनंतरच्या सोमवारी सुदामनं पट्टी, पेन्सिली पिशवीत घातल्या. साहेबांना येतो म्हणून कळवलं होतं. आईला वंदन करून तो दारापर्यंत गेला, तिथं जरा थबकला, कुणाचं तरी ऐकून घ्यावं तसा. मग चपला घालून अंबरनाथला निघाला.