जांभ्यावर घासलेला वस्तरा

मित्रांनो, हा जुना, गंजका वस्तरा आज तुमच्याशी बोलणार आहे, आणि गोड बोलणार नाही.

सुरतेच्या लोहाराने मला हौसेने घडवलं. वाटलं होतं, न्हाव्याच्या धोपटीत जाईन, लोकांच्या दाढ्या करीन. कसलं काय! व्यापारासाठी रत्नागिरीत येऊन राहिलेल्या एका घरातल्या म्हाताऱ्या सासूबाईंनी मला सोबत आणलं. त्यांच्या घरची रीत अशी, की मुलगी सात वर्षांची झाली की खाऊचं आमिष दाखवून तिला आतल्या खोलीत न्यायचं आणि तिच्या अंगाची नाजूक जागा माझ्या धारेने कापायची. का? तर पोर पुढे वाईट वळणाला लागू नये म्हणून! सात वर्षांच्या पोरीला कसलं आलंय वळण? सासूबाई मला तेल लावत, रेशमी फडक्यात जपत. "काय पाणीदार धार!" म्हणून बायका कौतुक करत. त्या पोरींच्या किंकाळ्या आठवल्या की त्या कौतुकाला आग लावावीशी वाटते.

१९३१ साली सासूबाईंच्या नातीची, रुकैयाची वेळ आली. तिची आई कुलसुम नवऱ्यापुढे, तय्यबअलीपुढे रडली. "तुमच्या आईला थांबवा. माझं केलं ते मी अजून विसरले नाही."

तय्यबअलीच्या शब्दाला बाजारात केवढा मान! तो म्हणाला, "बायकांच्या गोष्टीत मला ओढू नकोस. मला त्यातलं काही माहीत नाही."

माहीत नाही म्हणे! मेल्याने जन्मात कधी विचारलं असेल तर ना!

दुसऱ्या दिवशी सकाळी कुलसुमने मला उचललं आणि विहिरीवर नेऊन जांभ्याच्या चिऱ्यावर खसाखसा घासलं. शेजारची गंगुबाई ओरडली, "अगो, धार जाईल ना त्याची!"

"तेवढ्यासाठीच घासत्ये."

सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलं. "मुंबईच्या नातलगांत तोंड दाखवायला जागा राहायची नाही! रुकैयाशी लग्न कोण करील? मी दुसरा वस्तरा आणीन!"

"आणा. तोही घासीन. रत्नागिरीत दगडाला तोटा नाही."

रुकैया दारात उभी राहून विचारत होती, "खाऊ कुठाय?" कुलसुमने तिच्या हातावर खाऊ ठेवला आणि तिला अंगणात खेळायला पाठवलं. तय्यबअली तोंड फिरवून बाजारात निघून गेला.

मित्रांनो, इतर वस्तू तुम्हाला विनवतात, आमची निगा राखा. मी दरडावून सांगतो, मला पुन्हा धार लावाल तर खबरदार! आणि "हे बायकांचं आहे" म्हणून कुणी तोंड फिरवलं, तर त्याला एवढंच विचारा, "पोर कुणाची?"